पोलिस ठाण्यातला कागद हातात कसा मिळवायचा

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींची स्कूटर २०२४ च्या गणपतीत, विसर्जनाच्या गर्दीत चोरीला गेली. फिर्याद दिली, गुन्हा नोंदला गेला, विमा कंपनीला कळवलं. पाच महिन्यांनी विमा कंपनीकडून निरोप आला, 'पोलिसांचा फायनल रिपोर्ट आणा, ए समरी.' वहिनी ठाण्यात गेल्या. तिथं उत्तर मिळालं, "मॅडम, तपास चालू आहे, साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या." असे तीन पुढचे आठवडे झाल्यावर कुणीतरी सांगितलं, आरटीआय टाका. त्यांनी टाकला. त्यात एकच प्रश्न होता: 'माझ्या गाडीच्या चोरीचा तपास अजून का पूर्ण झाला नाही आणि याला जबाबदार कोण?'

तिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही.'

वहिनी संतापल्या. मला मात्र ते उत्तर कायद्याला धरूनच आहे असं सांगावं लागलं, आणि त्यावर त्या माझ्यावरही थोड्या संतापल्या. माहितीचा अधिकार म्हणजे कार्यालयात आधीच अस्तित्वात असलेल्या कागदाचा अधिकार. 'का?' या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं नसेल तर ते नव्यानं तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि तेव्हापासून राज्यभरातली कार्यालयं त्या निकालाचा आधार घेत आली आहेत. तेव्हा पोलिसांकडं उत्तर मागायचं नाही, कागद मागायचा. तोही त्याच्या नावानं.

गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांना असे अर्ज लिहून देतोय. वकील नाही. पण चपला भरपूर झिजवल्यात.

आधी कागदाचं नाव

ठाण्यात काय काय लिहिलं जातं हे माहीत नसेल तर मागणार काय? म्हणून थोडी ओळख.

दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदली जाते ती एफआयआर, आपल्याकडच्या बोलीत फिर्याद. तिला मिळतो तो गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. हा नंबर आणि वर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशा गोष्टी अदखलपात्र, त्याला सगळे एनसी म्हणतात. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, ती 'एडी'. दिवसभरात ठाण्यात जे घडतं, कोण आलं, कोण कुठं गेलं, ते स्टेशन डायरीत येतं. तपास अधिकारी रोजच्या तपासाची जी नोंद ठेवतो ती केस डायरी, आणि ती वेगळी. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत, गेलेला जावक नोंदवहीत. जप्त वस्तू मुद्देमाल रजिस्टरमध्ये.

तपास संपला की न्यायालयात एक तर दोषारोपपत्र जातं, नाहीतर समरी. समरीचे महाराष्ट्रात तीन प्रकार रूढ आहेत. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. 'बी' म्हणजे फिर्यादच खोटी. 'सी' म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही: गैरसमजातून दिलेली, किंवा मूळ भांडण दिवाणी स्वरूपाचं. विमा कंपनीला हवी असते ती 'ए', आणि तीसुद्धा न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली. वहिनींच्या प्रकरणात सगळा घोळ इथंच होता, पण ते पुढं.

या यादीतली केस डायरी सोडून द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ नुसार ती आरोपीलासुद्धा मागता येत नाही. तिच्या मागं लागलात तर अख्खा अर्ज त्या एका मुद्द्यावर बुडतो.

आरटीआय टाकायच्या आधी

अर्ध्याहून जास्त कामं आरटीआयशिवाय होतात. महिनाभर थांबून जे मिळेल ते दहा मिनिटांत मिळत असेल तर अर्ज कशाला?

एफआयआरचंच घ्या. फिर्यादीला किंवा पीडिताला तिची प्रत फुकट आणि लगेच देणं संहितेच्या कलम १७३(२) नुसार बंधनकारक आहे. (१ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागते. तिथं हेच कलम १५४.) "प्रिंटर बंद आहे" ही सबब मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता पेन ड्राइव्ह आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याचा नंबर घेऊनच जातो.

तुम्ही फिर्यादी नसाल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जा. तिथं 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. जिल्हा, पोलिस ठाणं आणि तारखांची मुदत निवडली की यादी येते, आणि प्रत उतरवून घेता येते. ही सोय कुणाची मेहेरबानी नाही. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची, जोडणीची अडचण असलेल्या भागात ७२ तासांपर्यंत. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत. मात्र एखादी एफआयआर संवेदनशील आहे हे ठरवायचा अधिकार पोलिस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यालाच आहे, ठाणे अंमलदाराला नाही. आरोपीला प्रत हवी असेल तर त्यानं किंवा त्याच्या माणसानं अर्ज करायचा, आणि पोलिसांनी २४ तासांत द्यायची. न दिल्यास पोलिस अधीक्षकांकडं किंवा आयुक्तांकडं दाद मागता येते, त्यांनी तीन अधिकाऱ्यांची समिती नेमून तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

तपास कुठवर आला? यासाठीही आता आरटीआय हे पहिलं हत्यार नाही. कलम १९३(३) नुसार पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवायची आहे. मेसेजवर, ई-मेलवर, कशीही. म्हणून फिर्याद देतानाच तुमचा चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल नीट लिहिला आहे ना ते पाहा. ९० दिवस उलटले आणि काहीच आलं नाही, तर तपास अधिकाऱ्याच्या नावानं चार ओळींचं साधं पत्र द्या: 'कलम १९३(३) नुसार प्रगती कळवावी.' माझ्या अनुभवात या पत्रानं आरटीआयपेक्षा लवकर हालचाल होते. कारण उघड आहे. कळवलं नाही, ही चूक तपास अधिकाऱ्याची स्वतःची ठरते.

दोषारोपपत्राच्या बाबतीत लोकांचा हमखास गैरसमज असतो. ते एफआयआरसारखं संकेतस्थळावर मिळत नाही. तसं करा अशी मागणी करणारी सौरव दास यांची याचिका सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०२३ रोजी फेटाळली. आरोपीला सगळी कागदपत्रं फुकट मिळतात. आता पीडितालाही मिळतात, पण त्यासाठी त्यानं वकील दिलेला असावा लागतो (कलम २३०). बाकीच्यांनी न्यायालयात नक्कल अर्ज करायचा. प्रकरणाशी संबंध नसेल तर नक्कल का हवी ते पटवून द्यावं लागतं. न्यायालयातल्या कागदासाठी पोलिसांकडं किंवा न्यायालयाकडं आरटीआय टाकण्यात वेळ घालवू नका. नकलेसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम असताना तोच मार्ग धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.

दोषारोपपत्र किंवा समरी न्यायालयात पोचली का, हे घरबसल्या कळतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाबरोबरच एफआयआर क्रमांकानं शोधायची सोय आहे. जिल्हा, न्यायालय संकुल, पोलिस ठाणं, क्रमांक, वर्ष एवढं भरा. ही सोय वहिनींना कुणीच सांगितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही ती उशिरा कळली.

रस्ता अपघातात घरचं माणूस गेलं किंवा जायबंदी झालं असेल तर वेगळी वाट आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं द्यायचा असतो. हे अहवाल नावानिशी मागा. भरपाईचा दावा दाखल करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. आरटीआयच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका, वकिलाला लगेच भेटा.

आणि ठाण्यात गेलातच आहात तर भिंतीकडं बघा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल स्वरूपातसुद्धा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं. ही माहिती ठेवायला सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी नेमलेला असायला हवा. फलक कोरा असेल, किंवा त्यावर गेल्या दिवाळीचं बंदोबस्ताचं पत्रक चिकटवलेलं असेल, तर त्या अधिकाऱ्याचं नाव विचारा.

अर्ज लिहिताना

आता खरोखर आरटीआय लागतो अशी कामं. तक्रार अर्ज दिला आणि त्याचं काय झालं कळत नाही. समरी पाठवली म्हणतात, पण न्यायालयात सापडत नाही. एखाद्या ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात किती घरफोड्या झाल्या हे सोसायटीला हवं आहे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा. २०१२ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन दोन अटी आल्या: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. या अटींवर बोट ठेवून अर्ज परत करणं फार सोपं असतं, म्हणून शब्द मोजा. दोन विषय असतील तर दोन अर्ज. आणखी दहा रुपये जातील, जाऊ द्या. कारण लिहू नका. माहिती कशाला हवी हे विचारता येत नाही (माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२)), आणि आपण होऊन रामायण लिहिलं तर वाचणाऱ्याला नकाराला निमित्त मिळतं. अर्ज मराठीत चालतो, किंबहुना मराठीतच करा. ठाण्यातली रजिस्टरं मराठीत आहेत, नावं जुळतात.

वहिनींचा दुसरा अर्ज आम्ही असा लिहिला:

*विषय: गु.र.नं. …/२०२४ संबंधीचे अभिलेख*
*कालावधी: गुन्हा नोंद दिनांकापासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत*

*१. सदर गुन्ह्यात न्यायालयात सादर केलेल्या अंतिम अहवालाची (समरी) साक्षांकित प्रत.*
*२. तो अहवाल ज्या जावक क्रमांकाने व दिनांकास पाठवला, त्या जावक नोंदवहीच्या पानाची प्रत. त्याच पानावरील इतर व्यक्तींच्या नोंदी झाकून दिल्यास हरकत नाही.*
*३. सदर गुन्ह्याचा तपास आजपर्यंत ज्या अधिकाऱ्यांकडे होता त्यांची नावे, हुद्दे व कालावधी दर्शविणारा अभिलेख.*
*४. कलम १९३(३) नुसार फिर्यादीस प्रगती कळवल्याच्या पत्राची किंवा संदेशाची प्रत.*
*५. वरीलपैकी जो अभिलेख उपलब्ध नसेल त्याबाबत मुद्देनिहाय तसे लेखी कळवावे.*

यात 'का' कुठंच नाही. पण पाचवा मुद्दा नीट बघा. 'असा अभिलेख उपलब्ध नाही' हे सहीशिक्क्यानिशी मिळालेलं वाक्य कित्येकदा कागदापेक्षा जास्त कामाचं असतं. चौथ्याला 'निरंक' असं उत्तर आलं की तपास अधिकाऱ्यानं कायद्याप्रमाणे कळवलं नाही हे त्यांच्याच हस्ताक्षरात सिद्ध होतं. तिसऱ्या मुद्द्यातून 'जबाबदार कोण' हेही आपोआप कळतं, न विचारता. दुसऱ्यातलं 'झाकून दिल्यास हरकत नाही' हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० चं बोट धरून लिहिलं आहे: नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यायचा. आपणच ते सुचवलं की दुसऱ्यांच्या नावांचं निमित्त उरत नाही.

तक्रार अर्जाचं असेल तर त्याचा आवक क्रमांक आणि तारीख लिहून तीन गोष्टी मागा: अर्जावर वरिष्ठांनी मारलेल्या शेऱ्यासह त्याची प्रत, चौकशी कुणाकडं दिली त्याची नोंद, आणि चौकशी अहवाल. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर गुन्हा नोंदलाच पाहिजे, असं ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठानं २०१३ मध्ये सांगितलं. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे परवानगीचाही कागद असणार. तोही मागा.

आकडेवारी मागताना सावध राहा. 'गेल्या पाच वर्षांतील सर्व गुन्ह्यांची वर्गवारीनिहाय माहिती' असं लिहिलंत तर 'माहिती संकलित स्वरूपात नाही' हे उत्तर ठरलेलं. ठाणं दर महिन्याला वरिष्ठ कार्यालयाला जो मासिक गुन्हे अहवाल पाठवतं, त्याच्या बारा महिन्यांच्या प्रती मागा. बेरीज आपण घरी करू.

पोहोच, पोहोच आणि पोहोच

अर्ज कुणाच्या नावानं? 'जन माहिती अधिकारी' एवढं लिहून पुढं कार्यालय. आयुक्तालय असलेल्या शहरांत बहुधा विभागाचे सहायक पोलिस आयुक्त माहिती अधिकारी असतात आणि उपायुक्त प्रथम अपिलीय प्राधिकारी. जिल्ह्यांत रचना वेगळी असते. फलकावर बघून घ्या. चुकीच्या ठिकाणी गेला तरी त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, अर्ज परत करायचा नसतो.

शुल्क दहा रुपये. सोपा मार्ग म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प, अर्जावरच चिकटवायचा. रोख भरलेत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, दाखला जोडा. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरूनही अर्ज होतो, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्यांना गावच्या ठाण्यासाठी ते बरं पडतं.

हातानं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" यावर शांतपणे "चालेल साहेब, मी बसतो" म्हणायचं आणि खरोखर बाकावर बसायचं. एकदा मी पावणेदोन तास बसलो होतो. त्यात मिसिंगची एक तक्रार, मोबाइल हरवल्याचे दोन अर्ज आणि पार्किंगवरून भांडणारे दोन शेजारी बघून झाले, मग शिक्का सापडला. अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवा.

उत्तर आलं. आता?

मुदत ३० दिवसांची. त्याआधी एक पत्र येऊ शकतं: अमुक पानं, प्रत्येकी दोन रुपये, एवढे भरा. ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून लगेच भरा. ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागत असतील तर द्यायचे नाहीत, मुदतीनंतर माहिती फुकट द्यायची असते (कलम ७(६)).

पोलिसांकडून येणारा नकार बहुतेक वेळा दोन कलमांवर उभा असतो. मराठी उत्तरांत ती वेगळ्या अक्षरांनी छापतात आणि लोक गोंधळतात: ८(१)(ज) म्हणजे इंग्रजीतला 'एच', आणि ८(१)(ञ) म्हणजे इंग्रजीतला 'जे'.

'ज' म्हणजे तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा येईल अशी माहिती. 'तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही' हा ठोकळा यातूनच येतो. पण कायद्यात 'तपास सुरू असेल तर' असं लिहिलेलंच नाही, 'अडथळा येईल तर' असं लिहिलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं ३ डिसेंबर २००७ रोजी भगत सिंग प्रकरणात नेमकं हेच सांगितलं: तपास चालू असणं एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्यानं दाखवायला हवं. अपिलात हा निकाल नावानं लिहा. तपास अधिकाऱ्यांची नावं किंवा जावक क्रमांक दिल्यानं चोर कसा पळून जाईल? साक्षीदारांचे जबाब मात्र दोषारोपपत्र जाण्याआधी मागितलेत, तर मीही तो नकार बरोबरच म्हणेन.

'ञ' म्हणजे वैयक्तिक माहिती, आणि इथं जमीन सरकली आहे. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी त्याच कलमाखाली देता येत असे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ती सवलत त्या कलमातून काढून टाकली, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एखाद्या पोलिसावरची विभागीय चौकशी, त्याची मालमत्तेची विवरणपत्रं हे मिळवणं आधीही अवघड होतं (२०१२ चा गिरीश देशपांडे निकाल), आता आणखी अवघड झालं. वाट अगदी बंद नाही. कलम ८(२) शाबूत आहे: हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. तेव्हा अशी मागणी असेल तर जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहा. कारण लिहू नका असं मी वर म्हटलं, त्याला हा एवढा अपवाद.

कधी कधी कलम २४ पुढं केलं जातं. गुप्तवार्ता आणि सुरक्षेच्या यंत्रणा राज्य सरकार अधिसूचनेनं कायद्याबाहेर ठेवू शकतं. साधं पोलिस ठाणं म्हणजे गुप्तवार्ता यंत्रणा नव्हे. आणि अशा यंत्रणांकडचीसुद्धा भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती मागता येते.

वहिनींना २६ व्या दिवशी उत्तर आलं. सात पानं, चौदा रुपये. त्यात कळलं की ए समरी सव्वादोन महिन्यांपूर्वीच न्यायालयात गेली होती. जावक क्रमांक होता, तारीख होती. म्हणजे "तपास चालू आहे" असं सांगणाऱ्या अंमलदाराला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं, किंवा त्यानं रजिस्टर उघडलं नव्हतं. समरी न्यायालयात मंजुरीसाठी पडून होती. फिर्यादीला न्यायालयाची नोटीस जायची असते (भगवंत सिंग प्रकरण, १९८५), ती जुन्या भाड्याच्या घरी गेली होती. वहिनी तारखेला हजर राहिल्या, हरकत नाही असं सांगितलं, समरी मंजूर झाली, नक्कल विभागातून साक्षांकित प्रत घेतली. विमा कंपनीच्या साहेबांनी मग गाडीची दुसरी किल्ली मागितली. ती कथा वेगळी.

अपील

उत्तर आलं नाही, अपुरं आलं किंवा नाकारलं, तर ३० दिवसांत प्रथम अपील. 'जोडपत्र ब', वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत. मुद्दे सुटे लिहा: अमुक क्रमांकाला उत्तर नाही, अमुक क्रमांकाला चुकीचं कलम लावलं. सुनावणीला जाच. समोर उपायुक्त किंवा उपअधीक्षक, बाजूला माहिती अधिकारी, आणि वातावरण बहुतेकदा अपेक्षेपेक्षा सौम्य असतं. कित्येक वेळा तिथल्या तिथं 'आठ दिवसांत द्या' असा आदेश होतो. मूळ रजिस्टर बघायला मिळावं अशी विनंती तिथं तोंडी आणि लेखी दोन्ही करा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, आणि रजिस्टर स्वतः चाळलं की नेमकी कुठली पानं मागायची ते कळतं.

त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडं दुसरं अपील, 'जोडपत्र क', पुन्हा वीस रुपये. आयोग दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० पर्यंत दंड करू शकतो, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. पण आयोगाकडं रांग लांब आहे. तेव्हा दुसरं अपील टाकून मोकळे व्हा आणि हवा असलेला कागद दुसऱ्या दारानं मिळतो का ते बघत राहा.

घाईची कामं

रात्री कुणाला उचलून नेलं आणि कुठं नेलं कळत नाही, अशा वेळी आरटीआयमध्ये ४८ तासांची तरतूद आहे (जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न). मी मात्र आधी तिकडं जाणार नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ खाली अटकेची नोंद विचारा. अटक झाली असेल तर नातेवाइकाला कळवणं (कलम ४८), अटकेची कारणं सांगणं (कलम ४७) आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करणं (कलम ५८) हे सगळं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. आरटीआय त्यानंतर, कागद पक्का करण्यासाठी.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण हवं असेल तर आरटीआयच्या ३० दिवसांवर विसंबू नका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण आणि ते १८ महिने राहील अशी साठवण सांगितली, शक्य नसेल तिथं निदान एक वर्ष. प्रत्यक्षात यंत्र बंद असणं, डिस्क भरलेली असणं हे ऐकायला मिळतंच. म्हणून घटना घडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठाण्याला आणि वरिष्ठ कार्यालयाला वेगळं पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं, अमुक खोलीतलं चित्रण जतन करून ठेवावं. पोहोच घ्या. हे झाल्यावर आरटीआय. वीस मिनिटांचा तुकडा मागा, दिवसभराचा नको.

पत्त्याबद्दल

अर्ज कुणाविरुद्ध जातोय हे ओळखून पत्ता द्या. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, जमीन व्यवहारांची माहिती मागणारे, यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना खून झाला. स्कूटरच्या समरीसाठी असला धोका नाही. पण वाळू, जमीन, जुगाराचे अड्डे असा विषय असेल तर घरचा पत्ता लिहिण्यापेक्षा पोस्ट बॉक्स घ्या. अर्जदाराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक पुरतो, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं अविषेक गोयंका प्रकरणात २०१३ मध्ये म्हटलं आहे. दुसऱ्या गावच्या मित्राच्या नावानं अर्ज करणं हाही जुना आणि चालणारा मार्ग. फक्त त्या मित्राला आधी विचारा. एकदा माझ्या मेव्हण्याला न विचारता मी त्याचं नाव घातलं होतं, आणि दारात हवालदार पत्र घेऊन उभा राहिल्यावर त्यानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.